“नाही लागत, दादा”: फायटरचा आर्मर क्लास अति वाढतो तेव्हा

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घरात दर दुसऱ्या रविवारी सकाळी आम्ही पाच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या साहसी खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. खेळ चालवण्याचे, म्हणजे डीएमचे, काम माझ्याकडे आहे आणि समोर चार पात्रे असतात: एक फायटर (लढवय्या), एक विझार्ड (जादूगार), एक क्लेरिक (पुजारी) आणि एक चोरटा. नियम आम्ही २०१४ चेच वापरतो. ही मंडळी सहाव्या लेव्हलला पोहोचल्यापासून सलग चार बैठका एकच अडचण येत राहिली, आणि ती दूर करताना जे चुकले आणि जे जमले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण ढाल घेऊन लढणारा फायटर ज्या ज्या गटात आहे तेथे आज ना उद्या हीच वेळ येते.

ऑर्क नावाच्या रानटी शत्रूच्या कुऱ्हाडीसाठी मी वीस बाजूंचा फासा टाकायचो, त्यात त्याच्या हल्ल्याचा बोनस मिळवायचो (ही बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा जास्त असेल तरच घाव लागतो) आणि सांगायचो, “बावीस.” फायटर खेळणाऱ्या मुलाकडून कॅरेक्टर शीटकडे न पाहताच उत्तर यायचे, “नाही लागत, दादा.” पहिल्या बैठकीत या उत्तरावर सगळे टाळ्या वाजवत होते. चौथ्या बैठकीत तो मुलगा मोबाइलवरून नजर न काढता हे तीन शब्द बोलला आणि त्याच फेरीत पलीकडे विझार्ड बेशुद्ध पडली, तेव्हा मला कळले की खेळात काहीतरी खरोखर बिघडले आहे.

येथे एक फरक आधी करायला हवा. फायटरला क्वचितच मार लागणे ही समस्या नव्हे. त्याने शंभर मोहरांची मौज सोडून पंधराशे मोहरांचे प्लेट चिलखत घेतले आहे, ६५ पौंडांचे ओझे अंगावर वागवतो आहे, दबक्या पावलांनी चालताना प्रत्येक वेळी डिसअ‍ॅडव्हान्टेज (म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरणे) सोसतो आहे, आणि या सगळ्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे. समस्या तेव्हा सुरू होते जेव्हा फासा पडण्याआधीच टेबलावरच्या प्रत्येकाला निकाल माहीत असतो, शहाणे शत्रू फायटरला ओलांडून मागच्यांवर जाऊ लागतात, आणि डीएम त्याला गाठण्यासाठी आकडे वाढवतो तेव्हा त्याची किंमत इतर तिघे मोजतात. ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तरच पुढचे वाचावे. केवळ एखाद्या लढाईत फायटर कोरडा राहिला म्हणून काही बदलू नये.

आता हिशेब. आमच्या फायटरचा आर्मर क्लास २३ होता: प्लेटचे १८, ढालीचे २, ती ढाल जादूची असल्याने आणखी १, डिफेन्स या लढाऊ शैलीचा १ आणि संरक्षक अंगठीचा १. ऑर्कच्या हल्ल्याचा बोनस ५ असतो, म्हणून त्याला फाशावर १८ किंवा अधिक लागते, आणि ही शक्यता १५ टक्के आहे. मेज आर्मर ही संरक्षक जादू घातलेल्या विझार्डचा आर्मर क्लास १५. तिच्यावर तोच हल्ला ५५ टक्के वेळा लागतो. ऑर्कच्या कुऱ्हाडीचा सरासरी घाव साडेनऊ धरला, तर तीन ऑर्क मिळून एका फेरीत फायटरचे साधारण ४ हिट पॉइंट (जे संपले की पात्र पडते) कमी करतात आणि विझार्डचे सुमारे १६, आणि यात क्रिटिकल, म्हणजे फाशावर थेट २० पडल्यावर होणाऱ्या जादा, घावांचा हिशेब मी बाजूला ठेवला आहे. फायटरचे हिट पॉइंट ५२ आहेत, विझार्डचे ३२. म्हणजे तेच तीन शत्रू फायटरला पाडायला बारा फेऱ्या घेतात आणि विझार्डला दोन. आमची लढाई सहसा चार-पाच फेऱ्यांत संपते, तेव्हा फायटरच्या दृष्टीने तेथे धोका नावाची गोष्टच उरत नाही.

यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पटकन लक्षात येत नाही, तो असा की आर्मर क्लासच्या प्रत्येक अंकाची किंमत सारखी नसते. विझार्डचा आकडा १५ वरून १६ झाला तर ऑर्कची शक्यता ५५ वरून ५० टक्क्यांवर येते, म्हणजे मार अकराव्या हिश्शाने कमी होतो. फायटरचा आकडा २२ वरून २३ झाला तर शक्यता २० वरून १५ वर येते, म्हणजे मार थेट चौथ्या हिश्शाने घटतो. वर गेल्यावर प्रत्येक अंक अधिकाधिक भारी होत जातो, आणि क्लेरिकने शील्ड ऑफ फेथ ही जादू म्हणून आणखी २ दिले की २५ च्या आकड्यापुढे ऑर्कला फक्त नैसर्गिक २० चाच आधार राहतो. पाचव्या आवृत्तीची रचनाच अशी आहे की हल्ल्याचे बोनस आणि आर्मर क्लास दोन्ही आटोपशीर मर्यादेत राहावेत. त्यामुळे एकाच पात्रावर तीन-चार छोटे लाभ साचले की मर्यादेबाहेर जायला वेळ लागत नाही.

मी प्रथम जे केले ते बहुतेक डीएम करतात, आणि ते करू नये. मी ऑर्कचा बोनस ५ वरून ९ केला. फायटरवर हल्ला लागण्याची शक्यता १५ ची ३५ टक्के झाली आणि मला समाधान वाटले, पण विझार्डवर तीच शक्यता ७५ टक्के झाली. त्या दिवशी ती दुसऱ्या फेरीत पडली, उठवली, आणि पुन्हा पडली. संध्याकाळी तिचा फोन आला. ती म्हणाली, “मी नक्की काय चुकले ते सांग, म्हणजे पुढच्या वेळी सुधारीन.” तिचे काहीच चुकले नव्हते. चिलखताला भेदण्यासाठी वाढवलेला बोनस चिलखत नसलेल्याला आधी मारतो, आणि ही गोष्ट कागदावर दोन मिनिटे मांडली असती तर मला तिच्या फोनची वाट पाहावी लागली नसती.

त्यानंतर मी २३ हा आकडा आला कोठून ते पाहायला बसलो. नियमपुस्तकातून फायटरला मिळू शकणारे, म्हणजे साधे प्लेट, साधी ढाल आणि डिफेन्स शैली, यांची बेरीज २१ होते आणि तिच्यापुढे ऑर्कचा हल्ला २५ टक्के लागतो, जे पूर्णपणे रास्त आहे. उरलेले दोन अंक मी दिले होते. जादूची ढाल एका विहिरीत ठेवली होती आणि अंगठी एका मृत सरदाराच्या बोटात, दोन्ही वेगवेगळ्या महिन्यांत, आणि दोन्ही वेळी ती वस्तू शेवटी कोणाकडे जाईल याचा विचार मी केला नव्हता. जादूच्या वस्तू देताना नेहमी घ्यायची काळजी ती हीच: ज्याचा आर्मर क्लास आधीच सर्वांत जास्त आहे त्याच्याच कामाची वस्तू खजिन्यात पुन्हा ठेवू नये. मात्र दिलेली वस्तू चोराकरवी किंवा शापाच्या निमित्ताने परत काढून घेणे हा उपाय मी कोणालाही सुचवणार नाही. खेळाडूने ती लढून मिळवली आहे, आणि डीएमने केलेली मोजणीतली चूक त्याच्या झोळीतून वसूल करणे अन्यायाचे आहे. गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टर आणून चिलखताचा आकडा कायमचा घटवण्याचा सल्ला अनेकदा ऐकू येतो. तोही याच कारणाने मी बाजूला ठेवतो.

खरा उपाय मला एका जुन्या प्रश्नातून सापडला: फायटरच्या संरक्षणाचा इतरांना काय उपयोग? १९७४ मध्ये या खेळाची पहिली आवृत्ती आली तेव्हा या वर्गाचे नावच फायटिंग-मॅन होते आणि आर्मर क्लासची मोजणी उलटी, म्हणजे कमी आकडा चांगला, अशी होती. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती सुलटी झाली. पण आकडा वर मोजा की खाली, तो फक्त चिलखत घालणाऱ्याचे रक्षण करतो. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने या उणिवेवर थेट उपाय केला होता: फायटर ज्या शत्रूवर हल्ला करी तो शत्रू ‘मार्क’ होई, आणि मग त्याने फायटरला वगळून इतर कोणावर हल्ला केला तर त्याच्या फाशातून २ वजा होत. पाचव्या आवृत्तीच्या साध्या फायटरकडे ही सोय नाही. त्याच्याकडे एका फेरीत, दुसऱ्याच्या पाळीत वापरता येणारी, एक रिअ‍ॅक्शन असते. चार ऑर्क त्याच्या बाजूने पळत विझार्डकडे निघाले तर तो त्यांपैकी एकाला जाताजाता तडाखा देऊ शकतो आणि बाकी तिघांकडे बघत राहतो. आमचा खेळाडू मोबाइल पाहू लागला होता तो यामुळेच. त्याला मार लागत नव्हता आणि तो कोणाला वाचवूही शकत नव्हता.

पाचव्या आवृत्तीत यावर उत्तर आहे, फक्त ते दुसऱ्या लढाऊ शैलीत दडलेले आहे. डिफेन्सऐवजी प्रोटेक्शन शैली घेतली तर ढाल धरलेला फायटर आपल्यापासून पाच फुटांच्या आत असलेल्या सोबत्यावर होणाऱ्या हल्ल्याला रिअ‍ॅक्शन खर्चून डिसअ‍ॅडव्हान्टेज देऊ शकतो. २०१४ च्या नियमांत ही शैली कमजोर आहे, कारण ती फेरीतल्या एकाच हल्ल्यावर चालते आणि इतर दोन ऑर्क मोकळेच राहतात. २०२४ च्या सुधारित नियमांत मात्र ढाल एकदा पुढे केली की फायटर जवळच उभा असेपर्यंत, त्याचा पुढचा टर्न सुरू होईपर्यंत, त्या सोबत्यावरच्या सगळ्या हल्ल्यांना डिसअ‍ॅडव्हान्टेज मिळते. बाकी नियम जुने ठेवून आम्ही हा एक बदल उचलला. २०२० च्या पूरक नियमांत एक ऐच्छिक तरतूद आहे की गुण वाढवण्याची संधी मिळणाऱ्या लेव्हलला फायटरला शैली बदलता येते, आणि सहावी लेव्हल ही फायटरसाठी अशीच एक लेव्हल आहे, म्हणून कोणतीही ओढाताण न करता हे करता आले.

अर्थात हे मी एकट्याने ठरवले नाही. बैठकीच्या आधी अर्धा तास मी त्या खेळाडूला बोलावले, तीन ऑर्कांचा वरचा हिशेब पेन्सिलने कागदावर मांडला आणि विचारले, “आर्मर क्लास एकने कमी होईल, पण तिला वाचवणे तुझ्या हातात येईल. चालेल का?” तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने विझार्डच्या ओळीतल्या ‘दोन फेऱ्या’ या शब्दांवर बोट ठेवले आणि म्हणाला, “दादा, अंगठीसुद्धा मी तिलाच दिली तर?” हे मी सुचवले नव्हते. अंगठीशी नाते जोडायला लागणारी छोटी विश्रांती आम्ही त्याच दिवशी खेळाच्या सुरुवातीला घेतली.

आता नवे आकडे पाहा. फायटरचा आर्मर क्लास २१ झाला, म्हणजे प्लेट १८ आणि जादूची ढाल ३. ऑर्कचा हल्ला त्याच्यावर २५ टक्के लागतो आणि तीन ऑर्क फेरीला सरासरी ७ हिट पॉइंट घेतात. विझार्डचा १६ झाला. तिच्यावर हल्ला ५० टक्के लागला असता, पण ढाल पुढे आली की दोन फाशांपैकी लहान फासा धरायचा असल्याने शक्यता २५ टक्क्यांवर येते, आणि तेच तीन ऑर्क तिचेही सरासरी ७ हिट पॉइंट घेतात. आधी हे आकडे ४ आणि १६ होते. ऑर्कांना मी हातही लावला नाही. शिवाय ढाल पुढे केली की पळणाऱ्या शत्रूला तडाखा देण्यासाठी रिअ‍ॅक्शन उरत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीत त्याला खरा निर्णय घ्यावा लागतो.

हा मुख्य उपाय झाला. त्याच्या जोडीला शत्रूंनी विचारायचे प्रश्न बदलले पाहिजेत, कारण चिलखत फक्त हल्ल्याच्या फाशाला उत्तर देते. आमच्या फायटरच्या डेक्स्टेरिटीच्या सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे चपळाईने धोका चुकवण्याच्या फाशाचा, बोनस अंगठीसह जेमतेम १ होता आणि ती दिल्यावर ० उरला. १४ चा आकडा मागणाऱ्या फायरबॉलपुढे, म्हणजे आगीच्या गोळ्यापुढे, तो ६५ टक्के वेळा चुकतो आणि २८ हा पूर्ण सरासरी मार घेतो. पण तो गोळा शेजारी उभ्या विझार्डलाही लागतो आणि तिचे हिट पॉइंट ३२ आहेत, हे विसरू नये. त्यापेक्षा शत्रूच्या जादूगाराकडे मॅजिक मिसाइल, म्हणजे जादूचे तीन बाण, द्यावे. त्याला हल्ल्याचा फासाच लागत नाही, तिन्ही बाण एकाच लक्ष्यावर सोडले तर सरासरी साडेदहा मार होतो, म्हणजे जुन्या हिशेबात तीन ऑर्कांच्या अडीच फेऱ्यांइतका, आणि तो फक्त ज्याच्यावर सोडला त्यालाच लागतो. कुस्ती धरणे आणि ढकलून पाडणे यांत तर आर्मर क्लासचा संबंधच येत नाही, आणि ही कसोटी मला सर्वांत आवडते, कारण तेथे फायटरला आपल्या ताकदीचा फासा टाकायला मिळतो: त्याचा अ‍ॅथलेटिक्सचा बोनस ७, ओगरचा ४. तो बहुतेकदा जिंकतो, पण प्रत्येक वेळी नाही. हरून आडवा पडला तर जवळच्या शत्रूंना दोन फाशांपैकी मोठा धरण्याचे अ‍ॅडव्हान्टेज मिळते आणि २१ च्या आर्मर क्लासवरची ऑर्कची शक्यता २५ वरून सुमारे ४४ टक्के होते.

शील्ड ऑफ फेथबाबत नियम बदलण्याची गरज नाही. ते कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे जादू करणाऱ्याचे अखंड लक्ष, मागते. क्लेरिकला घाव बसला की तिला १० चे, किंवा घावाच्या निम्म्या आकड्याइतके, यांपैकी जे जास्त असेल ते सेव्हिंग थ्रो करावे लागते, आणि ते चुकले की फायटरचे ते दोन अंक गळून पडतात. शत्रूने हे ओळखून क्लेरिककडे वळावे.

दोन गोष्टी मात्र टाळाव्यात. जागीच खिळवणारी होल्ड पर्सन ही जादू फायटरवर वापरली तर तो बहुधा चुकेल, पण खेळाडू टर्न गमावून बसून राहील, आणि शेजारून बसणारा प्रत्येक घाव क्रिटिकल होईल. मोबाइल पाहणाऱ्या खेळाडूवर हा उपाय म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम. दुसरी धातू तापवणारी हीट मेटल ही जादू. तापलेले प्लेट उतरवायला पाच मिनिटे लागतात आणि जादू टिकते एक मिनिट, त्यामुळे सुटका नाही. पहिल्या चटक्यानंतर जादूगार दर टर्नला बोनस अ‍ॅक्शन खर्चून सरासरी ९ चा आणखी एक चटका देऊ शकतो आणि घावासाठी सेव्हिंग थ्रोही नाही. ५२ हिट पॉइंटांचा फायटर सहा चटक्यांत आडवा होतो.

जागेचा विचार सर्वांत शेवटी लिहीत असलो तरी त्याचे महत्त्व कमी नाही. पेठ रस्त्यावरून दिसणारा रामशेज आमच्यापैकी प्रत्येकाने चढलेला आहे. १६८२ पासून पुढे पाच-सहा वर्षे मुघल फौजेला दाद न देणारा हा बुटका किल्ला अखेर लढून नव्हे, तर पैशाच्या बळावर त्यांच्या हाती गेला, असे सांगितले जाते. मी खेळातला किल्ला त्याच्याच धर्तीवर काढला: एक चिंचोळा दरवाजा, जेथे फायटर उभा राहिला तर एका वेळी दोनच शत्रू समोर येतात, आणि आतले मोकळे पटांगण, जेथे कोणीही कोठूनही येऊ शकते. दरवाज्यात त्याचे चिलखत सगळ्या गटाचे चिलखत होते, आणि तेथे “नाही लागत, दादा” हे उत्तर पुन्हा एकदा टाळ्या घेऊन गेले. पटांगणात त्याला धावत विझार्डच्या शेजारी जावे लागले. दोन्ही प्रकारच्या जागा एकाच बैठकीत याव्यात. फक्त पटांगणे दिली तर फायटरच्या पंधराशे मोहरा फुकट जातात.

त्या बैठकीत ऑर्कांचा नायक पटांगणातून पळू लागला तेव्हा फायटरची रिअ‍ॅक्शन आधीच विझार्डवर खर्च झाली होती. तो म्हणाला, “जाऊ दे, ती उभी आहे ना.” मोबाइल त्या दिवशी पिशवीतच राहिला.

बदल केल्यावर निदान तीन बैठका कागदाच्या कडेला खुणा कराव्यात: कोणावर किती हल्ले झाले आणि किती लागले. आमच्याकडे आता फायटरवरचे साधारण चारांपैकी एक लागतात. हा हिशेब आठव्या लेव्हलला पुन्हा मांडावा लागेल, कारण तोपर्यंत समोर हिल जायंट येऊ लागतील. त्यांचा बोनस ८ असतो, सरासरी घाव १८ आणि एका टर्नला हल्ले दोन. २३ च्या आर्मर क्लासवर त्यांचा हल्ला ३० टक्के लागला असता, २१ वर तो ४० टक्के लागतो, आणि तेव्हा खजिन्यात फायटरसाठी एखादा अंक ठेवायला माझी हरकत नसेल.